एक पाय जमिनीवर

(दिग्दर्शकाचं ऑफिस. टेबलावर भावाच्या आयुष्यावरच्या सिनेमाचा करार. समोर बहीण-भाऊ. भावाला सगळे 'बदक' म्हणतात.)

दिग्दर्शक : ...तुरुंगाचं फाटक उघडतं. हिरो बाहेर येतो, क्षणभर थांबतो आणि सुसाट पळत सुटतो.

ताई : हिरो म्हणजे कोण?

दिग्दर्शक : हेच की. तुमचे भाऊ.

ताई : हा? हा बससाठीसुद्धा पळत नाही.

बदक : मी चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू आहे, साहेब. सही हवी असेल तर पळणं काढा.

दिग्दर्शक : काढलं असतं हो. पण ते चालणं पडद्यावर, रागावू नका, जरा...

ताई : बदकासारखं दिसतं. बोला की सरळ. गल्लीनं नाव काय उगाच ठेवलंय?

बदक : एक पाय कायम जमिनीवर टेकलेला लागतो. दोन्ही उचलले की पंच बाद करतात. आयुष्यभर मी एवढंच शिकलो, आणि शिक्षा झाली ती औषधाचं दुकान लुटून पळाल्याची.

ताई : साक्षीदार म्हणाला, चोर खेळाडूसारखा पळाला. गल्लीत खेळाडू हा एकच. पोलिसांना आयताच सापडला. त्यात आमच्या वकिलानं कोर्टात ह्याची पदकं मांडली, मुलगा सज्जन आहे म्हणून. न्यायाधीशांना वाटलं, एवढी पदकं, म्हणजे पळत असणारच.

बदक : पदकांची कल्पना ताईची.

ताई : माझीच. सहा वर्षं ऐकतेय. पण समोरच्या शिंप्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण कुणी शोधलं? त्यात चोराचा चेहरा स्वच्छ दिसतो. ह्याच्यापेक्षा बरा आहे.

दिग्दर्शक : आणि हे निर्दोष सुटले. मग तरी पळू द्या ना.

बदक : निकालपत्र कुणी वाचलं नाही. सिनेमा सगळे बघणार. म्हणतील, बघा, पळतो की.

दिग्दर्शक : अहो, सुटकेच्या दिवशी माणूस पळणार नाही तर कधी पळणार?

ताई : हा आईसाठीही पळाला नाही.

बदक : ताई, पुरे.

ताई : कळू दे त्यांना. आईचं शेवटचं म्हणून ह्याला तुरुंगातून एक दिवसाची रजा मिळाली. मी दवाखान्याच्या खिडकीत उभी, आणि हा फाटकातून चालत येतोय. टाच टेकवत, नीट. आई दहा मिनिटांपूर्वी गेली होती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दिग्दर्शक : का नाही पळालात?

बदक : बस चौकात सोडते. तिथून दवाखान्याकडे जायचं तर त्याच औषधाच्या दुकानावरून. दुकानदार दारातच उभा होता. मला ओळखलं त्यानं. पळालो असतो तर चार जणांनी धरून ठेवलं असतं. म्हणून चाललो. एवढ्या जोरात मी कुठल्याच शर्यतीत चाललो नाही, ताई.

ताई : हे मला कधी सांगितलं नाहीस.

बदक : तू बोलू देतेस कुठे.

दिग्दर्शक : काढतो. पळणं सगळं काढतो.

बदक : तुरुंगाच्या फाटकावरचं काढा. एक ठेवा.

दिग्दर्शक : कुठलं?

बदक : चौकातून दवाखान्यापर्यंतचं. तिथं त्याला पळू द्या.

दिग्दर्शक : पण लोक म्हणतील...

बदक : म्हणू देत. पेन द्या.

ताई : आणि साहेब, त्याला वेळेत पोचवा.