मांडवातली कुंगफूची धून

शहापूर स्टँडवर संध्या किन्हवलीच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या घेऊन एक जोडपं भांडत होतं.

“नवरी मांडवात येताना बेंजोवाले कुंगफूच्या पिक्चरची धून वाजवणार? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?”

“गो, ती मूळची चिनी नायच. त्यांनी पण घोडेवाल्या इंग्लिश पिक्चरमधून उचललेली.”

“म्हणजे चोरीची. व्याही काय म्हणतील?”

“आपल्या मेघानंच निवडली. दर रविवारी आमी दोघं बघतो ना.”

“आणि ती मुरबाडला सासरी गेली का कोणासंगं बघाल?”

तो पिशव्यांच्या गाठी सोडून पुन्हा बांधू लागला. गाडी फलाटाला लागली.

“उठा आता. रविवारची मीच बसंन तुमच्याजवळ. पण मारामारी चालू झाली का आवाज बारीक करायचा.”