कडेची काच

ग्राइफ्सवाल्डच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेसमोरील थांब्यावर माझ्यापुढे दोघे उभे होते: उद्या निवृत्त होणारे हेनिंग आणि त्यांची तरुण सहकारी व्हिबके. समुद्रावरून संथ वारा येत होता.

"हेनिंग, प्लाझ्माच्या कडेचं तापमान माझं संगणकावरचं मॉडेल नेहमी कमीच सांगतं. उद्या समितीने ते नाकारलं, तर माझं सगळं काम पाण्यात."

"ते मॉडेल शिकलंय कुणाकडून?"

"तुम्ही हाताने आखलेल्या आलेखांवरून."

"मग बरोबर आहे. कडेचं तापमान ज्या काचेतून मोजायचो ती धुरकटली होती, प्रकाश विखुरून आकडा उगाच चढायचा. म्हणून मी तिथे रेघ जरा खाली ओढायचो."

"अहो, काच तर वसंतातच बदलली."

"काच बदलली गं. हाताची सवय राहिली."

"म्हणजे मॉडेलला तुमची खोड लागलीय."

"माझ्या मुलांनी माझं एवढं कधी मनावर घेतलं नाही."

"मग तुमचे आलेख काढून टाकू?"

"वसंतानंतरचे काढून टाक. चल, आत्ताच नवे आखून देतो."

"तुमची बस आली."

"येऊ दे."

"आणि वसंताआधीचे?"

"ते ठेव. फक्त काच कोणती, तेवढं मॉडेलला सांग. तेव्हा ती खरंच धुरकट होती."

बसमध्ये मी एकटाच चढलो.