तळ्याकडून कोण वाजवतंय

नासारिया : मामंजी, हात दुखले असतील. द्या तो डबा इकडे, मी बडवते.

एवारिस्तो : तू चूल सांभाळ. एका तालात पडायला पाहिजे हे. ताल चुकला की वादळात वाट शोधणाऱ्या माणसाला वाटतं, वाऱ्यानं छपराचा पत्रा आपटतोय.

नासारिया : जेवणं झाल्यापासून बडवताय. लिसांद्रोचा अजून पत्ता नाही.

एवारिस्तो : येईल. नवरा तुझा असला तरी पोरगा माझा आहे, लहानपणापासून बर्फ तुडवतोय. वरच्या कुरणात मेंढरं गाडली गेलीत. गाडलेल्या मेंढीच्या श्वासानं वर पिवळट भोक पडतं, ते हुडकायचं, काठीनं चाचपायचं. घाईचं काम नव्हे ते.

नासारिया : नेग्रा त्याच्याबरोबर गेली होती. एकटीच परत आली. आल्यापासून टेबलाखाली बसून तळ्याकडच्या भिंतीकडे बघतेय.

एवारिस्तो : कुत्रीच ती. भूक लागली असेल.

नासारिया : हाड टाकलं पुढ्यात. हुंगलंसुद्धा नाही तिनं.

एवारिस्तो : येर्बाच्या चहाचं पाणी तापव. आणि त्या खिडकीशी उभी राहू नकोस. दिसतंय काय तिथून? पांढरं नि पांढरं.

नासारिया : आमच्याकडे असं नाही करत.

एवारिस्तो : तुमच्या बोलिव्हियात काय करतात? गप्प बसून रडतात?

नासारिया : गप्प बसतात. रडत नाहीत. वादळ आलं की सगळी वस्ती तोंड मिटते. पोरंबाळंसुद्धा. चूल धुमसत ठेवायची, दार किलकिलं ठेवायचं आणि कान द्यायचा. हरवलेला माणूस हाक मारतो. आपणच गलका केला तर ती ऐकणार कोण?

एवारिस्तो : किलकिलं दार म्हणे! इथल्या वाऱ्यात तुझ्या कानासकट छप्पर जाईल. खाली पुंता अरेनास शहरात चौकाचौकात दोर बांधतात आणि माणसं ते धरून चालतात, उडून जाऊ नये म्हणून. त्यांना सांग जाऊन, कान द्या. हसतील.

नासारिया : मामंजी.

एवारिस्तो : काय आता?

नासारिया : तुमचा एक ठोका पडतो. त्याच्यामागून आणखी एक पडतो. तो कुणाचा?

एवारिस्तो : …तुलापण ऐकू येतो?

नासारिया : मघापासून. तळ्याकडून येतोय.

एवारिस्तो : त्याबद्दल बोलायचं नाही. मोठं वादळ आलं की ते उत्तर देतं. आपण आपलं बडवत राहायचं, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

नासारिया : ते म्हणजे कोण?

एवारिस्तो : ते म्हणजे ते. तुझ्या सासूला त्यानंच नेलं. लिसांद्रो एवढासा होता. एर्मेलिंदा गाय आत आणायला बाहेर पडली आणि बर्फानं वाट गिळली. मी इथंच, या दारात डबा बडवत होतो, आणि तळ्याकडून ते उत्तर देत होतं.

नासारिया : तळ्यापलीकडे उभा कडा आहे. तुमचाच डबा कड्यावर आपटून माघारी येतोय.

एवारिस्तो : मला अक्कल शिकव. माझाच असता तर मी थांबल्यावर थांबला असता ना? माझे हात सुजले, डबा खाली ठेवला, तरी ते वाजतच राहिलं. वेडंवाकडं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. तेव्हाच ओळखलं, हे माणसाचं काम नव्हे. अडसर घातला आणि पोराचे कान झाकून बसलो. दिवे लागेपर्यंत चाललं होतं.

नासारिया : सासूबाईंच्या हातात काय होतं तेव्हा?

एवारिस्तो : दूध काढायची बादली. का?

नासारिया : सापडली ती?

एवारिस्तो : वसंतात. तळं वितळलं तेव्हा, तिच्याजवळच. काठापासून हाकेवर होती गं. बादलीचं बूड पार चेपलेलं.

नासारिया : कशानं?

एवारिस्तो : बर्फानं. लोखंड वाकवतो इथला बर्फ. अशी काय बघतेस माझ्याकडे?

नासारिया : काही नाही. मामंजी, थोडा वेळ डबा थांबवा.

एवारिस्तो : डोकं फिरलंय तुझं? तो या आवाजावर चाललाय. आवाज तुटला तर जिथं असेल तिथं बसेल, आणि इथं बसला तो संपला. एक बायको गेली माझी. पोरगा घालवू?

नासारिया : माझाही तोच एक आहे इथं. दुसरं कोण आहे मला या मुलखात? मला घरात बसून दोन डबे ऐकू येताहेत. त्याला बाहेर काय कळणार, घराचा कुठला आणि कड्याचा कुठला? पाया पडते तुमच्या. थोडाच वेळ.

(डबा थांबतो. वारा. मग तळ्याच्या बाजूनं ठोका, आणि बऱ्याच वेळानं आणखी एक.)

एवारिस्तो : बघ. बघ, थांबलं नाही. अडसर घाल.

नासारिया : ऐका नीट. दमलाय तो ठोका. कडा कधी दमतो का?

एवारिस्तो : सोंग करतं ते. लिसांद्रो वर गेलाय, तळं खाली आहे.

नासारिया : कड्याच्या आवाजामागे गेला असेल. मामंजी, मेंढरांना फास टाकायचे ते चामड्याचे दोर आणा. एकाला एक बांधा, टोक माझ्या कमरेला.

एवारिस्तो : तळ्याला ओढा मिळतो तिथं बर्फ पातळ असतो. तू जाणार?

नासारिया : तुम्ही जड आहात आणि मला ऐकायची सवय आहे. आणा दोर.

एवारिस्तो : …सरक. गाठ मी मारतो. तुमच्या गाठी लामासारख्या जनावराला पुरतात, माणसाला नाही. ऐक पोरी, दोर ताणला की पुढे जायचं नाही. ओढलास की मी ओढणार. मग दोराला माणूस असो नाहीतर आणखी काही.

नासारिया : दार लावू नका.

एवारिस्तो : नाही लावत. जा.

(नासारिया बाहेर पडते.)

एवारिस्तो : बस, नेग्रा. कण्हू नकोस. मलापण बाहेर काही दिसत नाही. चाललीय बघ, दोर जातोय हातातून. बारकी आहे, पण नेटानं चालते. …थांबली. ऐकत असेल. इथं गप्प उभं राहून ऐकतं का कुणी? …चालली पुन्हा. नेग्रा, बर्फ वस्तूला चारी बाजूंनी दाबतो, होय की नाही? आणि त्या बादलीचं फक्त बूड आत गेलं होतं. एकाच जागी. ठोकून ठोकून जातं तसं. बघितलं होतं मी. बघितलं आणि फळीवर ठेवून दिलं. …ए, ढील पडली. पोरी! नासारिया! …ओढ आली. ओढतोय, ओढतोय मी, सोडू नकोस.

नासारिया : धरा! याला धरा आधी!

एवारिस्तो : आण, आत आण. लिसांद्रो, डोळे उघड रे. चुलीपाशी नेऊ नकोस एकदम, हात काखेत घे त्याचे. जिवंत आहे. जिवंत आहे हा.

नासारिया : काठावरच्या लव्हाळ्यात बसला होता. खोकला म्हणून सापडला.

लिसांद्रो : बाबा… तुमच्या डब्यावर चाललो होतो. पायाखाली बर्फ करकरला, तेव्हा कळलं की तळ्यावर आलोय. आवाज दोन्हीकडून. कुठं वळू तेच कळेना.

एवारिस्तो : बोलू नकोस. घोट घे.

लिसांद्रो : मग एक आवाज बंद झाला. राहिला तो जवळच होता, काठाकडून. त्याच्याकडे वळलो आणि लव्हाळं लागलं हाताला.

नासारिया : राहिला तो? अरे, तूच ना वाजवत होतास? आम्ही तर डबा कधीच थांबवला होता.

लिसांद्रो : मी कशानं वाजवू? काठी गेली बर्फात, हात अंगावरच्या पोंचोत गुंडाळलेले होते. बोटं हलत नव्हती माझी.

नासारिया : …मामंजी, मी याला घेऊन वळले तेव्हाही ते वाजत होतं. माझ्या पाठीशी. मला वाटलं, वारा.

लिसांद्रो : अजून वाजतंय की. कोण आहे बाबा तिकडे? दार लावा ना, थंडी येतेय.

एवारिस्तो : त्याला माझी घोंगडी दे, नासारिया. दोन्ही दे. भिंतीकडे सरकव त्याला.

नासारिया : आणि तुम्ही? मामंजी, उंबऱ्यात कुठं बसताय? गोठाल. डबा तरी घ्या हातात.

एवारिस्तो : नको. डबा फार बडवला मी. जरा बसतो इथं. कुणीतरी ऐकतंय, एवढं कळू दे एर्मेलिंदाला.