गाडीखालचं कुंकू

आमचं मूळ गाव धरणगावच्या अलीकडे, काळ्या मातीचं, कापसाचं, पण माझा जीव काही त्या मातीत रमला नाही, तो कशातच रमत नाही म्हणा, आताही बघा, तुमच्याशी बोलतोय आणि पाय हलतोय. गुरुजी म्हणायचे, या सुकदेवला बाकाला बांधा. आईबाप लवकर गेले, थोरल्या भावानं सांभाळलं, त्याला आम्ही आबा म्हणतो, आबा ट्रकवर ड्रायव्हर. त्यानंच मला जळगावात मेहरूणकडे एका गॅरेजात आणून सोडलं आणि उस्तादांना म्हणाला, ह्याना हातले काम द्या, नही ते काहीबी मोडी टाकी. तर काम मिळालं, आणि मोडणंही चालूच राहिलं. उस्ताद थकले तसं गॅरेज माझ्याकडे आलं. लोक म्हणायचे, सुकदेव मिस्त्रीकडे गाडी एकदा नेली की पुन्हा न्यावीच लागते. मी ते कौतुक समजायचो.

आबाचा उजवा हात मनगटात मोडलेला. पूर्वी गाडी हँडल मारून चालू करायची, ते हँडल एकदा उलटं फिरलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. भरलेली गाडी वळणावर ओढायची म्हणजे त्याला घाम फुटायचा, पण बोलायचा नाही. म्हणून ट्रकच्या मालकाला, शेठला, गळ घालून मी त्या जुन्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग बसवलं, भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचं. नव्वद सालानंतरची गोष्ट, आमच्याकडे तेव्हा ते नवलच होतं. वर पंप आणि तेलाचा डबा, मधे दोन पाइप, खाली स्टेअरिंगचा बॉक्स, इंजिन चालू झालं की पंप तेल ढकलतो आणि स्टेअरिंग हलकं होतं. आबा वाकड्या हाताच्या एका बोटानं फिरवून दाखवायचा, चहाच्या टपरीवर सगळ्यांना बोलावून बोलावून.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा म्हणजे अर्धी गाडी लाल होते. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमननं, बंपरला, चाकांना, जाळीला मूठमूठ कुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी वरून ओतलं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली लाल थेंब. मी फडकं घेऊन वाकलो तर सुमन ओरडली, देवीनं कुकू शे ते, पुसू नका. मी हात जोडले. आता काय सांगू तुम्हाला, स्टेअरिंगचं तेल लाल असतं हे मला माहीत नव्हतं का? मीच भरलेलं, याच हातानं! पण दसरा गेला, कोजागिरी गेली, गाडी फेऱ्या करून येते, जिथं उभी राहते तिथं लाल थेंब पडतात, आणि हा शहाणा मिस्त्री रोज त्याला नमस्कार करून दुसऱ्याच्या गाडीखाली शिरतो.

त्यातच आबा एकदा केळी खाली करून आला आणि म्हणाला, सुक्या, धुळ्यापुढे लळिंगच्या घाटात स्टेअरिंग दगडासारखं झालं रे. मी गाडी गॅरेजसमोर सरळ रस्त्यावर फिरवली, ठीक वाटली, आणि तोंडातून निघून गेलं, गाडी चांगली आहे आबा, तुझा हात कमी पडत असेल. तो मनगट चोळत बसला. दोन दिवसांनी शेठचा निरोप आला की आबा स्वतःच म्हणतोय मला उतरवा, घाटात माझ्या हातून कुणी मरायला नको, तर पुढची केळीची फेरी अमळनेरचा दुसरा ड्रायव्हर नेणार.

माझं डोकंच फिरलं. आबा गाडीवरून उतरला म्हणजे तो ओट्यावर बसून भिंतीकडे बघणार, दुसरं काही त्याला येत नाही. धावत गाडीकडे गेलो, बॉनेट उघडलं, तेलाचा डबा बघितला तर तळाशी चमचाभर तेल. हात नव्हे, गाडीच! शेठकडे गेलो तर तो म्हणाला, मिस्त्री, कालपर्यंत गाडी चांगली होती ना? उद्या सकाळी केळी भरायची. त्याआधी गळती दाखव, नाहीतर अमळनेरवाला बसेल.

तेल भरलं. खाली बॉक्स ओला दिसला, म्हटलं सापडलं, बॉक्सचं सील, तेल अडवणारी रबरी कडी, गेलं. खोललं, नवं सील बसवलं, आणि ते बसवलं उलटं. इंजिन चालू केल्यावर थेंबाची धार झाली. आबा कट्ट्यावरून बघत होता, म्हणाला, पहिले गळे, आते वाहे, सुधारना तू. पुन्हा खोललं, सुलटं बसवलं, धार थांबली. पण घटकाभरानं बघतो तर बॉक्स पुन्हा ओला. मी गाडीभोवती फेऱ्या मारायला लागलो, पान्हा घेतो, ठेवतो, परत घेतो, सुमन म्हणाली, बसा एका जागी. बसलो, उठलो.

उस्तादांचं एक बोलणं होतं, तेल गळतं एका जागी आणि टपकतं दुसऱ्या जागी, ओलं दिसतं तिथं बघू नको, कोरडं कर आणि मग बघ. हे मला सगळ्यात शेवटी आठवलं, नेहमीसारखं. मग रॉकेलनं पंपापासून बॉक्सपर्यंत सगळं धुतलं, देवीचं कुंकूही धुतलं, सुमन तोंड फिरवून उभी. फडक्यानं कोरडं केलं, लाल थेंब लगेच उठून दिसावा म्हणून तिच्याच डब्यातली पांढरी रांगोळी पाइपांवर भुरभुरली. ती म्हणाली, दिवाळीले अवकाश शे, गाडीखाले कसानी रांगोळी काढतस? मी म्हटलं, लक्ष्मी येणार आहे, आणि आबाला म्हटलं, वर बस, इंजिन चालू कर.

इंजिन चालू, रांगोळी पांढरीशुभ्र. काही नाही. म्हटलं थोडं फिरव. काही नाही. तेव्हा डोक्यात आलं, हे सगळं घाटात होतं, म्हणजे पूर्ण वळणावर, आणि मी मेला सरळ रस्त्यावर तपासून आलो! ओरडलो, आबा, डावीकडे, पार शेवटपर्यंत ओढ. त्यानं ओढलं, तेलाचा दाब चढून पंपातून येणारा जाड पाइप ताठला, चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीला घासला, त्याच्या पाठीमागची चीर उघडली, आणि तेल सर्रकन माझ्या तोंडावर.

मी बाहेर आलो तो डोक्यापासून छातीपर्यंत लाल. सुमननं किंकाळी फोडली, रगत, रगत, आबा उडी मारून खाली, वाकड्या हातानंच माझं डोकं चाचपायला लागला, कोठे लागनं रे सुक्या, कोठे लागनं. मी हसतोय, तोंडात तेल, बोलता येईना. शेवटी थुंकलो आणि म्हटलं, कुठं नाही लागलं आबा, तुझा हात चांगला आहे. तो तसाच माझं डोकं धरून उभा राहिला. मग म्हणाला, गध्या, आणि फडकं आणायला गेला.

नवा पाइप टाकला, तो पट्टीला लागू नये म्हणून वेगळ्या वाटेनं बांधला, शेठसमोर आबानं एका बोटानं दोन्हीकडे पुरं फिरवून दाखवलं. सकाळी केळी आबानंच नेली. तो घाट उतरून येईपर्यंत मला जेवण गेलं नाही.

अजून तोच चालवतो. दसऱ्याला आम्ही आता बंपरला फक्त हळद लावतो, खाली लाल दिसलं की ते तेलच. सुमन पहिल्या वर्षी रुसली, गाडीला असं पांढऱ्या कपाळानं पाठवायचं का म्हणाली, मग तिनंच तोड काढली, आत, आबासमोरच्या आरशाच्या वर एक टिकली लावते, तेल काही तिथवर चढत नाही. देव आबाला सांभाळो. पण गाडी दारात लागली की तो उतरायच्या आधी मी वाकतो, खालच्या जमिनीवर हात फिरवतो. कोरडी माती हाताला लागली की हा पाय हलायचा थांबतो, तेवढ्यापुरता.