ताकदीच्या गोळ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच अण्णासाहेब, बदली होऊन निघालेले आपले डॉक्टर शेवाळे साहेब, माझ्या पोराला, वसंताला, आपल्या लेकीसाठी बघायला घनसावंगीहून आलेले आणि आग्रहानं वर बसवलेले पाहुणे साहेबराव, आणि सतरंजीवर दाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, भावांनो,

बोलायला फार उशिरा उभा राहिलो, माफी असावी. अध्यक्षांनी दोनदा नाव पुकारलं, पण मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, भाषण कधी केलेलं नाही. शिवाय आधीच्या वक्त्यांनी साप, विंचू, बाळंतपण, सगळं सांगून टाकलं. एकच दुखणं कुणी काढलं नाही. बरोबरच आहे, समारंभाला शोभलं पाहिजे.

दुष्काळात खडी फोडायच्या कामावर वसंताची झोप गेली. समोर कुणी नसताना तो बोलू लागला. तेव्हा गावानं केवढी माया केली! "तातेराव, बाहेरचं हाय, घाबरू नका," म्हणत माणसं लिंबू-नारळ घेऊन येत होती. दुर्गाबाईनं तर आपला कोंबडा दिला. मग डॉक्टरसाहेब म्हणाले, "भूतबीत काही नाही. डोक्याचा आजार आहे, औषध आहे." झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर कुणी पाणी पिईना. भुताला गावात मान आहे, आजाराला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. वसंताला झोप लागली, अंग भरलं, पोरगा औत धरू लागला. आता गावाची पंचाईत झाली. डोकं फिरलेला माणूस बरा होतो, हे कसं मान्य करायचं? म्हणून ठरलं, आजार नव्हताच, अशक्तपणा होता आणि गोळ्या ताकदीच्या! लोक पुन्हा पाणी पिऊ लागले, मीही मान हलवली. मच्छिंद्र पैलवानानं दोन गोळ्या मागून खाल्ल्या आणि राजूरच्या कुस्तीच्या दिवशी गाडीतच घोरत पडला. तरी गाव म्हणालं, "गोळी भारी हाय, पैलवानच हलका पडला."

आणि आत्ता चहा घेताना साहेबराव डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आमच्या धाकट्याला बी त्या ताकदीच्या गोळ्या लिहून द्या. जावईबापू कसे धडधाकट झालेत बघा!" जावईबापू! कान निवले माझे. पण डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले.

मी बाहेर जाऊन वसंताला विचारलं. तो म्हणाला, "दादा, सांगून टाका. न्हाईतर रोज तिच्यापासून लपून गोळी खावी लागंल."

अण्णासाहेब, सदरा ओढू नका, जुना आहे, फाटेल.

साहेबराव, त्या गोळ्या डोक्याच्या आहेत. वसंता बरा आहे, पण गोळ्या पुढंही घ्याव्या लागतील. नव्या डॉक्टरांनाही मी हेच सांगणार आहे.

डॉक्टरसाहेब, तुम्ही आमच्या पोराला नावानं हाक मारत राहिलात. ह्याचे आभार कसे मानतात, मला येत नाही. अध्यक्षांचे, मंडळींचे आभार. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला.

आणि साहेबराव, जेवल्याशिवाय जाऊ नका. घरी गेल्यावर लेकीला विचारा. हो असो, न्हाई असो, निरोप जल्दी धाडा. फक्त 'मुलगी अजून लहान आहे' असं कळवू नका. खरं कारण कळवा. आम्हाला ते ऐकायची सवय करायची आहे.