थव्याला पुढारी नसतो

...नाही नाही, आधी हे ऐका, ही माझी मान हलतेय ना वर-खाली, तो तुमच्या बोलण्याला होकार नाहीये, वय झालंय, ती आपली आपण हलते, गैरसमज नको, एकदा झालाय तेवढा पुरे. तर चिलटं. तुम्हाला सांगते, दिव्याभोवती चिलटांचा ढग फिरतो ना, त्याचं मी गणित मांडलंय, शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तकं आणली न् शिकले. प्रत्येक चिलट शेजारच्या दोघाचौघांकडे बघतं, ते वळले की वळतं, संपलं. थव्याला पुढारी नसतो.

दाखवलं कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकबाईंना. त्या चष्मा पुसत म्हणतात, "आजी, तुमच्या ह्या नजरांच्या जाळ्यातलं हे एक चिलट बघा. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून ह्याच्यावरच येतात. ह्याला जरासा धक्का लागला की अख्खा थवा वळेल. त्याला स्वतःला पत्ताही नसेल." मी म्हटलं, "बाई, शिकलात फार, बघितलंत कमी. थव्याला पुढारी नसतो." आणि तरातरा निघून आले.

मग आमचे हे आजारी पडले. जन्मात माझ्या गणिताला नावं ठेवली नाहीत, ऐकलंही नाही म्हणा, पण नावं ठेवली नाहीत. श्वासाच्या यंत्रावर होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आशा नाही. यंत्र काढायचं का, घरच्यांनी ठरवा." ठरवा? कोण ठरवणार? थोरला धाकट्याकडे बघतोय, धाकटा बायकोकडे, सून माझ्या लेकीकडे, आणि लेक माझ्याकडे... हुबेहूब माझी चिलटं, वर गुणगुणायला ट्यूबलाइटसुद्धा होती. तशातही मनात आलं, बघा बाई, थव्याला पुढारी नसतो. आणि मला 'नको' म्हणायचं होतं हो. संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या त्यांना. पण शब्द वर येईना, मी आपली उभी... आणि मान? मान कुठे थांबते?

लेक म्हणाली, "आई हो म्हणतेय." थोरला म्हणाला, "हो, आई हो म्हणतेय." धाकट्यानं डोळे पुसले, डॉक्टर आत वळले, माझं तोंड उघडेपर्यंत दार लागलंसुद्धा.

आता रोज कुणीतरी माझा हात धरून बसतं, "आई, तू धीर केलास म्हणून आम्ही सुटलो." काल थोरल्याला समोर बसवलं, म्हटलं, सांगून टाकू. "अरे, मी हो म्हणाले नव्हते." त्याचा चेहरा पांढराफटक. "आई... थट्टा करतेयस ना?"

मी त्याचा हात धरला. उत्तर मानेनं दिलं.