चहाला बसवलेले पाहुणे

(दारफुरमधलं इस्पितळ. फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर अबकर खाटेवर. सुईण इश्रागा शेजारी उभी.)

अबकर : बस ना पोरी. पाय माझा कापलाय, तुझा नाही.

इश्रागा : असं बोलू नका, चाचा.

अबकर : मग काय बोलू? इथली डाळ अळणी असते, एवढीच नवी बातमी.

इश्रागा : गावच्या शेखना काय निरोप धाडलात तुम्ही?

अबकर : शांतिसेनेच्या जवानांना दवाखान्यात मी बोलावलं, म्हणून.

इश्रागा : धडधडीत खोटं! बोलावलं मी. तुम्ही तर डोळ्यांनी नको नको म्हणत होतात.

अबकर : दारात माणूस उन्हात उभा, पाणी मागतोय. आपल्यात कोण हाकलतं गं?

इश्रागा : पाणी पाजून वाटेला लावायचं होतं! मी चटया अंथरल्या. त्यांनी बंदुका दवाखान्याच्या गाडीला टेकवल्या, आणि मी साखर किती घालू विचारत बसले. अख्ख्या बाजारानं पाहिलं.

अबकर : दवाखान्याच्या गाडीत बंदुका असतात, अशी बोंब झाली खरी.

इश्रागा : दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर गोळ्या आल्या. चूक माझी, लागल्या तुम्हाला. शंभरदा बजावलं होतं आपल्याला, बंदूकवाल्यांपासून लांब राहा, मग ते कितीही भले असोत.

अबकर : भलेच होते. पोरसवदा. एकानं तर कप विसळून ठेवले.

इश्रागा : शेख म्हणतात, दवाखाना येऊ दे, पण अबकर गावात नको. तुमच्या जन्मगावात, चाचा! मी आज जाऊन खरं काय ते सांगणार.

अबकर : सांग. मग तुला हाकलतील. ड्रायव्हर ढिगानं मिळतील, सुईण कुठून आणायची? गावातल्या हलीमाचे दिवस भरलेत. गेल्या खेपेला मरता मरता वाचली ती.

इश्रागा : म्हणून मी तोंड शिवून बसू?

अबकर : बस. सांगून तुझं मन हलकं होईल. तिनं काय करायचं?

इश्रागा : लाज वाटते हो मला. तुमच्याकडे बघवत नाही.

अबकर : मग नको बघूस. गाडी कोण चालवतंय?

इश्रागा : बखीत. बाहेर थांबलाय.

अबकर : नीघ तर. ऊन चढायच्या आत पोचा.

इश्रागा : ...निघते, चाचा.

अबकर : आणि हे बघ, गावात माझी म्हातारी येईल तुझ्याकडे. चारचौघांत माझा उद्धार करेल, असला पोरगा माझ्या पोटी कसा आला म्हणेल. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.